अमेरिकेतली रोइंग स्कॉलरशिप: नववीच्या प्रगतिपुस्तकापासून व्हिसापर्यंत

खेळाच्या जोरावर अमेरिकेत शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे टेनिस आठवतं, फार तर स्क्वॉश किंवा पोहणं. रोइंगचं नाव क्वचितच निघतं. मुलींसाठी मात्र तिथल्या कॉलेजांत सर्वांत जास्त जागा असलेल्या खेळांपैकी हा एक आहे. कॉलेजात येईपर्यंत वल्हं हातात न धरलेल्या मुलीही त्यात घेतल्या जातात. अडचण वेगळीच आहे. एर्गवरचा, म्हणजे रोइंग मशीनवरचा, आकडा चांगला असलेली मुलं कागदांत अडकतात, आणि ते कागद नववीपासूनचे असतात. म्हणून हा लेख बारावीच्या नव्हे, नववी-दहावीच्या मुलांनी आणि त्यांच्या आईबाबांनी वाचावा. बारावीत असाल तर थेट तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करा, पण दुसरा टप्पा वाचून घ्या.

१. आपला दरवाजा कोणता, ते आधी ओळखा

मुलगी असाल तर: महिलांचं रोइंग १९९७ पासून एनसीएएचा, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेचा, अधिकृत अजिंक्यपदाचा खेळ आहे. तिथे १९७२ चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे. मुलांना जेवढी संधी तेवढी मुलींनाही द्यायची, असा त्याचा रोख. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघातच शंभराच्या आसपास मुलगे असतात. ती बाजू भरून काढायला एका फटक्यात पाच-सहा डझन मुली सामावून घेणारा खेळ लागतो, आणि तो रोइंग. टेक्सास, ओक्लाहोमा, अलाबामा, कॅन्सस अशा ठिकाणी महिलांचे रोइंग संघ दिसतात त्यामागे हेच गणित आहे.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांतल्या सर्वांत वरच्या गटात, एका संघाला २० पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटायची मुभा असे. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली आणि त्या जागी संघात जास्तीत जास्त ६८ खेळाडू अशी मर्यादा आली. मर्यादा गेली म्हणजे पैसा वाढला, असं समजू नका. किती पैसा घालायचा हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या बजेटप्रमाणे ठरवतं. नव्वद-शंभर मुली ठेवणाऱ्या संघांना उलट माणसं कमी करावी लागली, त्यामुळे 'आधी कॉलेजात जाऊ, मग संघात शिरू' हा वॉक-ऑनचा रस्ता पूर्वीपेक्षा अरुंद झालाय.

मुलगा असाल तर: पुरुषांचं रोइंग एनसीएएच्या अजिंक्यपदांत नाही. त्यांची मोठी स्पर्धा आयआरए, ती १८९५ पासून चालू आहे. पैसे देणारे संघ मोजकेच, आणि तिथे स्पर्धा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, जर्मनीच्या ज्युनियर राष्ट्रीय खेळाडूंशी. आणखी एक चकवा: मिशिगन आणि व्हर्जिनियात महिलांचा संघ विद्यापीठाचा आहे, पुरुषांचा मात्र क्लब आहे. क्लबमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, उलट वर्गणी भरावी लागते. संघाचं नाव विद्यापीठाच्या अधिकृत अ‍ॅथलेटिक्सच्या साइटवर आहे की नाही, एवढं पाहिलं तरी हे कळतं.

आयव्ही लीग (हार्वर्ड-येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) आणि डिव्हिजन थ्री: इथे खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर घरच्या उत्पन्नाप्रमाणे गरजेइतकी मदत देतात. मध्यमवर्गीय मराठी घरासाठी ही मदत एखाद्या सरकारी विद्यापीठाच्या ४० टक्के 'स्कॉलरशिप'पेक्षा मोठी ठरू शकते. शिष्यवृत्ती या शब्दाला चिकटून बसू नका, शेवटी खिशातून किती जाणार ते बघा.

लाइटवेट: आपल्या अंगकाठीच्या मुलांनी हा गट नक्की पाहावा. अमेरिकेतल्या कॉलेजांत पुरुष लाइटवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे साधारण ७२.५ किलो, महिलांची १३० पौंड, म्हणजे ५९ किलो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, जॉर्जटाउन, एमआयटी यांचे पुरुष लाइटवेट संघ आहेत. महिलांमध्ये संख्या फार कमी: प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, जॉर्जटाउन, बोस्टन युनिव्हर्सिटी वगैरे. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट गेलं, पण या कॉलेजांत ते चालू आहे.

२. विषय आणि गुणपत्रिका: इथेच सर्वांत जास्त मुलं गळतात

एनसीएए पात्रतेसाठी नववी ते बारावी मिळून १६ 'कोअर' विषय-वर्षं मोजते: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रं २, आणि वरचेच किंवा भाषा-तत्त्वज्ञान यांसारखे ४. डिव्हिजन वनसाठी त्यांची सरासरी त्यांच्या मोजपट्टीवर किमान २.३ लागते.

आता आपल्याकडचं बघा. गणित तीन वर्षांचं हवं. नववी आणि दहावी मिळून दोनच होतात. अकरावीला बायोलॉजीचा ग्रुप घेऊन गणित सोडलं, किंवा कॉमर्सला गणिताऐवजी एसपी घेतलं, की तिसरं वर्ष आणायचं कुठून? बुककीपिंग सहसा कोअरमध्ये धरत नाहीत. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी हा विचार कुणी करत नाही, आणि बारावीनंतर तो करून उपयोग नसतो. शंका असेल तर अकरावीला गणित ठेवा.

दुसरी गोष्ट नववीच्या निकालाची. दहावीची गुणपत्रिका सगळे जपून लॅमिनेट करतात (ते करू नका, शिक्का नि स्वाक्षरी तपासायला त्रास होतो), नववीचं प्रगतिपुस्तक मात्र रद्दीत जातं. अमेरिकेच्या दृष्टीने हायस्कूल नववीला सुरू होतं, त्यामुळे नववी आणि अकरावी या दोन्ही शाळा-कॉलेजच्या अंतर्गत निकालांना बोर्डाच्या निकालाइतकंच वजन आहे. शाळेच्या लेटरहेडवर, विषयवार गुण, कमाल गुण, शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असा दाखला निकाल लागला की लगेच घ्या. मराठी माध्यमाचा निकाल मराठीत असेल तर मूळ प्रत आणि ओळीला ओळ असं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागतात.

तिसरी, नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकी सगळं दुसऱ्यात. समजा गुणपत्रिकेवर 'जाधव सानिका राजेंद्र' आहे, पासपोर्टवर नुसतं 'सानिका जाधव' आणि रोइंगच्या प्रमाणपत्रावर 'सानिका आर. जाधव', तर समोरच्या कारकुनासाठी या तीन मुली आहेत. पासपोर्ट काढतानाच गुणपत्रिकेप्रमाणे नाव घाला आणि त्यानंतर प्रत्येक फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरा. स्पेलिंगसुद्धा: एका जागी 'एसएच' आणि दुसऱ्या जागी नुसतं 'एस' असं नको.

चौथी, शब्दाची. आपलं ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. त्यांचं ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. कोचला 'मी ज्युनियर कॉलेजात आहे' असं लिहिलंत तर तो तुम्हाला बारावी झालेली, बदलीवर येणारी विद्यार्थिनी समजेल. 'हायस्कूल, ग्रेड ११' असं लिहा.

३. एर्गचा आकडा

कोच सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो: टू-के किती? म्हणजे कॉन्सेप्ट-टू कंपनीच्या रोइंग मशीनवर, ज्याला सगळे एर्ग म्हणतात, २००० मीटरला लागलेला वेळ. जिममधलं चुंबकी किंवा पाण्याच्या टाकीचं मशीन चालत नाही. त्यावरचा आकडा कोणी वाचतही नाही. मशीनवर पीएम-फाइव्ह मॉनिटर आहे ना, ते पाहा. बोट क्लब जवळ नसेल तर क्रॉसफिट करणाऱ्या जिममध्ये असं मशीन बहुतेक सापडतं.

किती हवा? ढोबळ अंदाज असा. महिलांच्या अगदी वरच्या संघांना ७:१०च्या आतबाहेर, मधल्या डिव्हिजन वन संघांना ७:२० ते ७:४०. उंची ५ फूट १० इंच असेल, खेळाला वर्षच झालं असेल आणि आकडा दर दोन महिन्यांनी खाली येत असेल, तर ७:५०वरही बोलणं सुरू होतं. पुरुष हेवीवेटला ६:१०च्या खाली गेल्याशिवाय मोठे संघ वळून पाहत नाहीत. लाइटवेटला ६:२५च्या आसपास.

मॉनिटरवर दिसतो तो स्प्लिट, म्हणजे ५०० मीटरचा वेळ. ७:४० म्हणजे १:५५चा स्प्लिट, ७:२० म्हणजे १:५०चा. पाच सेकंदांचा तर फरक, असं वाटतं. पण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: १:५५ला २३० वॅट लागतात, १:५०ला २६३. म्हणजे जवळजवळ १४ टक्के जास्त. 'महिन्याभरात वीस सेकंद कमी करतो' असं सांगणाऱ्याला हे गणित दाखवा. पहिल्या वर्षी मोठ्या उड्या मिळतात, कारण तेव्हा तंत्र सुधारत असतं. नंतर सेकंद-सेकंद कमवावा लागतो.

चाचणीच्या दिवशी नेमकं काय करायचं:

बाजूचा डॅम्परचा खटका १०वर नेणं ही सर्वांत जुनी चूक. तो जोर मोजत नाही, सायकलच्या गिअरसारखा आहे. आणि त्याच १०वर दोन मशीन वेगवेगळी लागतात, कारण एकाच्या जाळीत धूळ साचलेली असते. मॉनिटरवर 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर' निवडा, आठ-दहा वेळा ओढा आणि आकडा पाहा. मुली आणि लाइटवेट मुलांसाठी ११० ते १२०, हेवीवेट मुलांसाठी १२० ते १३०. आकडा येईपर्यंत खटका हलवा. चांगल्या, स्वच्छ मशीनवर तो बहुधा ३ ते ५च्या मध्ये कुठेतरी येतो.

मॉनिटरची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. २००० मीटर निवडा, ५००चे टप्पे ठेवा. एर्ग-डेटा हे फुकटचं अ‍ॅप मॉनिटरला जोडा, म्हणजे निकाल थेट कॉन्सेप्ट-टूच्या लॉगबुकमध्ये पडताळणीसह जातो. नुसता फोटो काढून पाठवणाऱ्यांपेक्षा ही नोंद भारी पडते.

७:४०चं लक्ष्य असेल तर वेळ अशी वाटा: पहिले ५०० मीटर १:५५.०, दुसरे १:५५.५, तिसरे १:५५.५, शेवटचे १:५४.०. पहिले आठ-दहा स्ट्रोक जोरात जातील, स्क्रीनवर १:४५ दिसेल आणि हात हलका वाटेल. तिथेच फसगत होते. दहाव्या स्ट्रोकनंतर मुद्दाम १:५५वर या. पहिल्या ५००ला १:५० मारलेल्याचा तिसरा टप्पा २:००च्या पुढे जातो आणि चाचणी हातची जाते. अर्ध्यात सोडली तर मॉनिटरला ती चाचणी नाही, नुसता सराव आहे.

एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये टू-के करू नका. सकाळी सहा-सातला, पंखा समोर ठेवून, शेवटचं जेवण होऊन अडीच-तीन तास झाल्यावर करा. वर्षात चार-पाच चाचण्या पुरेत. टू-केशिवाय हिवाळ्याआधी एक सहा हजार मीटरची चाचणीही नोंदवून ठेवा, कारण तिथल्या शरद ऋतूतल्या शर्यती लांब पल्ल्याच्या असतात.

४. पाण्यावर

आपल्याकडे शिकायला जागा आहेत. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब, सीओईपीचा बोट क्लब, दापोडीला सीएमई या लष्करी अभियांत्रिकी कॉलेजातलं आर्मी रोइंग नोड. नाशिकलाही रोइंग चालतं. लष्कराचं केंद्र अर्थात लष्कराच्या मुलांचं. उशिरा सुरुवात केली म्हणून हिरमुसू नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंगला लागला, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कलमध्ये उतरला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कलचं सुवर्ण त्याच्या संघाचं.

आपल्याकडे ज्युनियर मुलं बरीचशी स्कल करतात, म्हणजे दोन हातांत दोन वल्ही. अमेरिकन कॉलेजचा मुख्य खेळ म्हणजे एट: आठ जण, प्रत्येकाकडे एकच वल्हं, आणि सुकाणू सांभाळणारा कॉक्स. एनसीएएच्या अजिंक्यपदाला प्रत्येक संघाच्या दोन एट आणि एक फोर, मिळून २३ जणी जातात. स्कल येत असेल तर कोच खूशच होतो, एका वल्ह्याचं तंत्र तो शिकवतो. व्हिडिओ मात्र नीट हवा: दीड मिनिट पुरे, बाजूने, कॅमेरा बोटीच्या समांतर चालणाऱ्या लाँचमधून (मोटरबोटीतून), संपूर्ण शरीर आणि वल्ह्याचं पातं चौकटीत. त्यात गाणं घालू नका. पाण्याचा आवाज ऐकूनही अनुभवी माणसाला स्ट्रोक कळतो. एर्गचा व्हिडिओ बैठकीच्या उंचीवरून, अगदी बाजूने.

पाच फुटांच्या आसपास उंची आणि खणखणीत आवाज असलेल्या मुलीने कॉक्सचा विचार करावा. महिला संघात कॉक्सचं किमान वजन ११० पौंड, साधारण ५० किलो. कमी पडलं तर वाळूची पिशवी बोटीत ठेवतात. पण तिथे सगळा खेळ इंग्रजीत, श्वास न घेता बोलण्याचा. शर्यतीतलं रेकॉर्डिंग मागतात आणि पैसे क्वचितच मिळतात.

५. कोचला ईमेल

दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी डिव्हिजन वनचा कोच तुम्हाला वैयक्तिक उत्तर देऊ शकत नाही. त्याआधी लिहायला हरकत नाही, पण उत्तर आलं नाही म्हणून रडू नका, नियमच तसा आहे. प्रत्येक संघाच्या साइटवर 'रिक्रूट क्वेश्चनेअर' नावाचा फॉर्म असतो. तो भरा आणि त्याच दिवशी मुख्य कोच नि रिक्रूटिंग बघणारा सहायक कोच, दोघांना मेल करा.

विषयाच्या ओळीत मेलचा जीव असतो. बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, उंची, टू-के, देश, बस: '२०२८ – १७८ सेंमी – ७:३८ – भारत'. मजकूर पंधरा ओळींचा. वजन, किती महिने रोइंग करता, आधी कोणता खेळ, लॉगबुकचा दुवा, व्हिडिओचा दुवा, दहावीचे टक्के आणि अकरावीचे विषय, एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा दिली असेल तर गुण, तुमच्या प्रशिक्षकाचा मेल. आणि त्या संघाबद्दल एक खरं वाक्य, जे दुसऱ्या संघाला चिकटवता येणार नाही. वीस विद्यापीठांना एकच मेल पाठवताना एकीचं नाव दुसरीला जातं, हे दर वर्षी घडतं. 'डिअर सर' नको, 'कोच' आणि आडनाव.

मेल मुलीने लिहावा, बाबांनी नाही. व्हिडिओ कॉलवरही तेच: आईबाबा बाजूला बसले तरी चालेल, पण प्रश्न मुलीला विचारलाय आणि उत्तर बाबा देतायत, हे चित्र कोचला लगेच खटकतं. कॉल सहसा आपल्या संध्याकाळी होतो. साडेसात वाजता पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं तासभर सरकतात तेव्हा हमखास घोळ होतो.

पंचवीस-तीस संघांना लिहा. उत्तर नाही आलं तर सहा आठवड्यांनी पुन्हा, पण नवीन आकडा घेऊनच. 'आठवण करून देतो' एवढंच लिहिलेल्या मेलला कोणी उत्तर देत नाही.

आयव्हीसारख्या ठिकाणी कोच अकरावीनंतरच्या जुलैत तुमचे गुण प्रवेश विभागाला दाखवून 'प्री-रीड' करून घेतो. तोवर नववी ते अकरावीचे निकाल आणि एसएटी तयार लागते. म्हणून एसएटी अकरावीतच द्या. एनसीएएने पात्रतेसाठी एसएटीची अट २०२३ला काढली हे खरं, पण अनेक विद्यापीठं प्रवेशासाठी ती मागतात.

६. एनसीएए नोंदणी आणि हौशी खेळाडूचा प्रश्न

डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं खातं लागतं. सुरुवातीला फुकटचं प्रोफाइल उघडा. एखादा संघ खरोखर रस दाखवू लागला की पैसे भरून पूर्ण प्रमाणीकरणाचं करा.

बक्षिसाची रोख रक्कम, शासनाचा पुरस्कार, खेलो इंडियाचा भत्ता, क्लबचं प्रायोजकत्व: जे मिळालं ते सगळं नोंदवा, पत्र आणि बँकेची नोंद जोडा. खर्चाच्या मर्यादेतल्या रकमा सहसा अडचण होत नाहीत. लपवलेली रक्कम होते. एजंटाशी करार अजिबात नको. 'शिष्यवृत्ती मिळाल्यावर तिच्या दहा टक्के द्या' असं म्हणणारा सल्लागार भेटला तर उठून या: शिष्यवृत्तीच्या रकमेवर बांधलेली फी एनसीएएच्या नियमांत बसत नाही आणि त्याची शिक्षा मुलीला होते.

सर्वांत महागडी चूक बारावीनंतरची. 'यंदा जमलं नाही, तोवर इथे एफवायला नाव घालून ठेवू.' आतापर्यंतच्या नियमांप्रमाणे जगात कुठेही पदवीला पूर्णवेळ प्रवेश घेतला की पात्रतेची पाच वर्षं मोजायला सुरुवात होते आणि तुम्ही बदली विद्यार्थी ठरता. गॅप घेऊन स्पर्धा खेळत राहिलं तरी ठरावीक सवलतीनंतर एकेक वर्ष कापलं जातं. एफवायची फी भरण्याआधी ज्या विद्यापीठाशी बोलणं चालू आहे त्यांच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या पात्रतेचे नियम पाहणाऱ्या विभागाला) मेल करून लेखी उत्तर घ्या.

७. पैशाचा हिशेब

कोचने फोनवर 'वी वॉन्ट टू ऑफर यू फिफ्टी पर्सेंट' म्हटलं की घरात पेढे वाटले जातात. थांबा. चार प्रश्न विचारा: कशाचे पन्नास टक्के, नुसत्या ट्यूशनचे की राहणं-जेवण-पुस्तकं धरून एकूण खर्चाचे? डॉलरमध्ये किती? किती वर्षांसाठी? फी वाढली तर रक्कम वाढेल का?

उदाहरण घ्या. एकूण वार्षिक खर्च ६०,००० डॉलर, त्यात ट्यूशन ३८,०००. एकूणच्या ५० टक्के म्हणजे ३०,००० मिळाले, उरले ३०,०००. ट्यूशनच्या ५० टक्के म्हणजे १९,००० मिळाले, उरले ४१,०००. फरक दर वर्षी ११,००० डॉलरचा, चार वर्षांचा ४४,०००. तोंडी शब्द दोन्हीकडे तोच होता. यात विमा आणि विमानाचं तिकीट धरलेलं नाही. गुणांवर मिळणारी मेरिट मदत वेगळी. ती खेळाच्या रकमेसोबत घेता येते का, हेही विचारा. कितीतरी वेळा चांगल्या बारावीने मिळणारी मेरिटची रक्कम रोइंगच्या रकमेपेक्षा मोठी असते.

तोंडी ऑफर कुणालाच बांधत नाही. पूर्वीचं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' ऑक्टोबर २०२४ला बंद झालं. आता विद्यापीठाचा आर्थिक मदतीचा लेखी करार हाच खरा कागद. कराराच्या मुदतीत दुखापत झाली किंवा वेग घटला म्हणून खेळाची रक्कम कापता येत नाही. मुदत एकाच वर्षाची असेल तर दुसऱ्या वर्षाचा प्रश्न उघडा राहतो, म्हणून चार वर्षांचा करार मागा. नाही म्हणाले तरी मागण्यात वाईट काही नाही.

कराचं कुणी सांगत नाही. ट्यूशन आणि पुस्तकांवर गेलेली शिष्यवृत्ती करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी दिलेल्या भागावर परदेशी विद्यार्थ्याचे १४ टक्के कापून घेतात. वर्षाअखेर १०४०-एनआर हा फॉर्म भरून, भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ची सवलत लावून, त्यातले बरेच परत मागता येतात. नाव-प्रतिमेचे जाहिरातींतून मिळणारे पैसे मात्र एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर हात भाजणारे आहेत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारल्याशिवाय एक बूटसुद्धा 'प्रमोट' करू नका.

गरजेवर आधारित मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्न-संपत्तीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं. पगाराचा फॉर्म १६ आणि आयटीआर सोपे. शेती असेल तर सातबारा काढा, त्याचं भाषांतर करा, आणि जमीन सामायिक असेल तर आपला हिस्सा किती ते स्पष्ट लिहा. आजोबांच्या नावावरची बारा एकर तुमच्या बाबांची संपत्ती म्हणून धरली गेली तर मदत तेवढी खाली येते.

८. व्हिसा, आणि निघण्याआधी

करार झाला, प्रवेश मिळाला की विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद पाठवतं. त्यावर एकूण खर्च, त्यातली शिष्यवृत्ती आणि उरलेली रक्कम छापलेली असते. उरलेल्या रकमेचाच पुरावा बँकेतून दाखवायचा. आय-२०वर शिष्यवृत्तीचा आकडा कराराप्रमाणे आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा; कमी छापला गेला तर विनाकारण जास्त पैसे दाखवावे लागतात. मग ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं), डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. अमेरिकेत वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि बारावीचा निकाल मे महिन्यात येतो, म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने. पासपोर्ट, भाषांतरं, बँकेची पत्रं निकालाची वाट न पाहता तयार ठेवा.

फाइलमध्ये हे असू द्या:
- पासपोर्ट
- नववी व अकरावीचे शिक्का-सहीचे निकाल. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बोर्डाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला
- मराठी कागदांची प्रमाणित भाषांतरं
- एसएटी, आणि टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण
- लॉगबुकमधल्या चाचण्यांच्या नोंदी, स्पर्धांची प्रमाणपत्रं
- आर्थिक मदतीचा करार, आय-२०, सेव्हिसची पावती
- बँक विवरण, आयटीआर, लागल्यास सातबारा

दोन गोष्टी इथेच उरकून घ्या. एक, पोहणं. बहुतेक संघ पाण्यात उतरवण्याआधी पोहण्याची चाचणी घेतात, आणि बोटीत वर्षं काढलेली पण खोल पाण्यात दहा मिनिटं तरंगता न येणारी मुलं आपल्याकडे आहेत. दुसरी, सिकल सेलची तपासणी. एनसीएएच्या खेळाडूंना सिकल सेल ट्रेट (रक्ताच्या सिकल सेल आजाराचं आनुवंशिक वाहकपण) आहे की नाही याचा अहवाल द्यावा लागतो. विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात हा ट्रेट बऱ्याच घरांत आहे. तो असला म्हणून खेळातून काढत नाहीत. फक्त उन्हात आणि सलग जोराच्या सरावात विश्रांती आणि पाणी यांची काळजी वेगळी घेतात. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. अहवाल इंग्रजीत घ्या, आणि त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहायला काउंटरवरच सांगा.